हमीद वकिलाची समोरची खुर्ची

हमीद, तुझ्या ऑफिसातली समोरची खुर्ची अजून डगमगते. पुढच्या पायाखाली तू घडी करून घातलेला पुठ्ठा कधीचा निघालाय आणि तो परत घालायचं कुणाच्या मनात येत नाही. तुझ्या लेकीला, सनाला म्हटलं, सुतार बोलाव. ती म्हणाली, "मावशी, राहू दे ना." तुम्हा वकिलांच्या घरात कुठलीही गोष्ट लगेच निकालात काढायची पद्धतच नाही.

तुझ्या कोर्टातले लोक तुझ्या आठवणीची पुस्तिका काढतायत. सनाने माझ्याकडेही लेख मागितला. मी म्हटलं, मी चौथी पास बाई, माझं कोण वाचणार? तर म्हणते, "बाकी सगळे अब्बांबद्दल लिहिणार आहेत. तुम्ही अब्बांना लिहा." म्हणून लिहिते. तू कुठे शिकलास, सनद कधी मिळाली, किती केस जिंकलास, ते बाकीचे लिहितील. मला ठाऊक आहे तो शाळेत तेराचा पाढा आला की खोकला काढणारा हमीद. तुझा खोकला संपेपर्यंत गुरुजी पुढच्याला उभं करायचे. हा पोरगा वकील होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रडले वगैरे मी लिहिणार नाही. तू दुपारी जेवून आडवा झालास आणि उठला नाहीस. आपल्या वयाला यापेक्षा बरं मरण कुठलं? मी आले, तुझ्या बायकोजवळ बसले, तिने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. तुला न्यायला लागले तेव्हा बायका दारापर्यंत आल्या, मीही आले. मग परत आत जाऊन बसले. तुझ्या घराच्या आणि ऑफिसाच्या खालचे कापडाचे लूम त्या दिवशी मालकाने बंद ठेवले होते. तुझ्या घरात बसून एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला ती आवडली नाही.

आता वाचणाऱ्याला कळावं म्हणून केस सांगते. तुला पाठ आहे, तू ऐकू नकोस.

दापोड्याच्या पलीकडे आमचं गाव. रस्त्याला लागून माझा चुलत दीर बाळाराम याचं शेत, त्याच्या मागे, थोडं उतारावर माझं. माझ्या शेतात जायला बाळारामच्या बांधाकडेने गाडीवाट. आजेसासऱ्याच्या वेळेपासून बैलगाडी तिथून जायची, मग ट्रॅक्टर जायला लागला. आमच्याकडे सगळीकडे गोदामं झाली तशी बाळारामने आपली जमीनही गोदामाला दिली. गोदामवाल्याने भिंत घातली आणि वाट गेली. आता भाताचे भारे लोकांच्या बांधांवरून डोक्यावर आणायचे. माझ्या डोक्याला ते झेपत नाही आणि मजूर मिळत नाही. मुलगा म्हणतो, विकून टाक. घेणार कोण? ज्या शेताला वाट नाही ते फक्त शेजारचा घेतो. म्हणजे भिंत घालणाऱ्यालाच शेत द्यायचं आणि वर त्याचे उपकार मानायचे. मला ते जमणार नव्हतं. म्हणून तुझा जिना चढले.

तू मला बघून उठला नाहीस. म्हणालास, "ये पारूबाय. कोणाचा खून केलास?"

मी म्हटलं, "अजून न्हाय. तू केस हरलास का मग तुजा करीन."

आणि मग तू मला ती डगमगती खुर्ची दाखवलीस. मला वाटलं, पक्षकाराने बसायची खुर्ची. बसले. तर म्हणालास, "थांब. तिथं पारू बसत नाही. तिथं बाळाराम बसतो. तू आता बाळाराम. बोल, वाट का देत नाहीस?"

ही तुझी पद्धत होती. तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तू आधी समोरच्या बाजूचा करायचास. भाडेकरूला घरमालक, सुनेला सासू, कामगाराला लूमचा शेठ. माणूस तिथे बसून स्वतःविरुद्ध बोलायला लागला की केसमधली सगळी भोकं दिसतात, असं तुझं म्हणणं. पुष्कळ लोक तिथून चिडून उठून गेले. एका बाईने तुला चप्पल दाखवली होती, हे तूच मला हसत सांगितलंस.

मी चिडले नाही. मला ते जमलं. बाळाराम कसा बोलतो ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. मान तिरकी करून, बोटाने दात कोरत मी म्हटलं, "वाट? कसली वाट? नकाशात हाय का? माज्या बांधावरून तू जात व्हतीस ते मी चांगला माणूस म्हणून." तू खुर्चीत मागे रेलून एवढा हसलास की खालच्या लूमच्या आवाजातही जिन्यावरच्या माणसाला ऐकू गेलं. मग एकदम गंभीर झालास आणि म्हणालास, "हेच बोलणार तो. बघ, चांगला माणूस म्हणून. इथंच आपली केस आहे."

त्या दिवशी तू मला कायदा सांगितलास, तो मी कुणालाही सांगू शकते. वाट कागदावर नसली तरी चालते. वर्षानुवर्षं, सगळ्यांच्या देखत, कुणाला न विचारता, आपली म्हणून वापरली असेल तर कायदा ती तुझी मानतो. पण विचारून वापरली असेल तर ती समोरच्याची मेहेरबानी. मेहेरबानी शंभर वर्षं चालली तरी एका सकाळी बंद करता येते. मी म्हटलं, एवढंच? तू म्हणालास, एवढंच सांगायला मला पाच वर्षं कॉलेजात घालवावी लागली.

पुढच्या तारखांना मी दर वेळी बाळाराम व्हायचे. घरी भांडी घासतानासुद्धा बाळारामसारखं बोलून बघायचे. खरं सांगायचं तर मला त्या खुर्चीत बसायला आवडायला लागलं होतं.

मग मशीन आली.

सनाने तुझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि त्यात ते एआय का काय ते. तू आधी नाक मुरडलंस. म्हणालास, माझे पक्षकार काय कमी डोकं खातात? सनाने आमचा दावा, बाळारामचं उत्तर, सगळं त्यात घातलं आणि तुला म्हणाली, "अब्बा, याला काहीही विचारा." तू चष्मा पुसलास आणि लिहायला सांगितलंस, "तू बाळारामचा वकील आहेस. खवट आहेस. आमच्या बाईची उलटतपासणी घे."

आणि ते सुरू झालं. माननीय वादी, आपण असे म्हणता की. माननीय वादी, आपणांस हे मान्य आहे का की. मी म्हटलं, ही मशीन सरकारी नोटिशीसारखी बोलते, बाळारामचा वकील असा बोलत नाही, तो पान खाऊन बोलतो. पण तू ऐकतच नव्हतास. नवीन सायकल मिळालेल्या पोरासारखा झाला होतास. ते न थकता प्रश्न काढत होतं आणि तू प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होतास. एकदा त्याने कुठल्या तरी मोठ्या कोर्टाचा निकाल सांगितला. तू सनाला तो मूळ पुस्तकात शोधायला लावलास. तसा निकालच कुठे नव्हता. मला वाटलं आता तू लॅपटॉप बंद करशील. तू टेबलावर थाप मारलीस आणि म्हणालास, "मस्त! खोटं पण बोलतं आणि तोंड सरळ ठेवून बोलतं. चला, याला सनद द्या." त्यानंतर त्याने सांगितलेला प्रत्येक निकाल सनाने मूळ काढून बघायचा, असा तू नियम केलास. तो नियम ती अजून पाळते.

पण समोरच्या खुर्चीत आता लॅपटॉप बसायला लागला. खरंच, तू त्याला त्या खुर्चीवर ठेवायचास, दोन जाड पुस्तकांवर, तोंड तुझ्याकडे करून. मला दाराजवळचं स्टूल. एका तारखेला मी आले नाही, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे दुखत होतेच. तू फोन केलास, "काय पारूबाय, रुसलीस?" मी म्हटलं, "मी कशाला रुसू? तुला बाळाराम मिळालाय ना नवा, न जेवणारा." तू म्हणालास, "अगं, ते जातं हाय. दाणे टाकू तसं पीठ पडतं. तू दाणे टाकायला ये." मी म्हटलं, "जात्यावर बसून तू कधी दळलंयस?" तू म्हणालास, "नाही. पण ये."

आले. आणि त्याच दिवशी ते नारळाचं निघालं.

नारळाचं मीच सांगितलं होतं, सना सगळी हकिगत टाइप करत होती तेव्हा, बोलता बोलता. पावसाआधी शेतात पहिली गाडी घालायच्या दिवशी बाळारामच्या उंबऱ्यावर नारळ ठेवायचा. माझा नवरा ठेवायचा, तो गेल्यावर मी ठेवायला लागले. त्या पहिल्या वर्षी भावकीतल्या बायका कुजबुजल्या, विधवेने कसा नारळ ठेवायचा. बाळारामच ओट्यावरून ओरडला होता, "वयनीचा नारळ ह्या घरात पयला लागंल. कोणाला काय तरास हाय?" त्याचं हेही मी लिहून ठेवते. भिंत घातली म्हणून माणसाचं जुनं चांगलं पुसून टाकता येत नाही.

मशीनने ते एवढंसं वाक्य उचललं. तू वाचून दाखवलंस. "माननीय वादी, दरवर्षी वाट वापरण्यापूर्वी आपण प्रतिवादींना नारळ देत होतात. याचा अर्थ आपण प्रतिवर्षी त्यांची परवानगी घेत होतात, हे खरे आहे ना?"

तू वाचून थांबलास. सना माझ्याकडे बघायला लागली. खाली लूम खडखडत होते, टेबलावरचा पेला थरथरत होता.

"मेलो," तू म्हणालास.

मी म्हटलं, "मानाचा नारळ तो. परवानगी कसली?"

"मान कोणाचा करतात, पारू? ज्याची वस्तू त्याचा. तुझी वाट असती तर तू त्याच्या उंबऱ्यावर का गेलीस?"

तू म्हणायचास, पारूबायला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचा आहे. तो जन्माला आला आणि तो माणूससुद्धा नव्हता.

सनाने त्या मशीनलाच विचारलं की यातून वाट कशी काढायची. त्याने भराभर उत्तरं दिली. एक उत्तर असं की, नारळ क्षेत्रपालासाठी होता, म्हणजे देवाला होता, बाळारामला नव्हता, असं म्हणता येईल. सनाने ते वाचलं आणि तिचा आवाज शेवटी बारीक झाला. मी म्हटलं, "देवाला दिला तो देवाला दिला. बाळारामला दिला तो बाळारामला दिला. मी कोर्टात उभी राहून देवाला मधे घालणार न्हाय." तू लॅपटॉपचं झाकण हाताने बंद केलंस. सनाला म्हणालास, "ते जे म्हणता येईल म्हणतंय ना, ते सगळं म्हणायचं नसतं. त्याला जीभ नाही, तिला आहे. पिंजऱ्यात पणाला लागणार ती तिची जीभ."

त्यानंतर आपलं जे भांडण झालं ते मिटलं नाही. तू म्हणालास, शपथपत्रात नारळाचा शब्दही नको. मी म्हटलं, नको तर नको, पण विचारलं तर मी हो म्हणणार. तू म्हणालास, विचारणारच, बाळारामने आपल्या वकिलाला सांगितलंच असणार. म्हणून हो म्हण, पण पुढे काय म्हणशील ते शोधून ठेव. मी चिडून म्हटलं, "वकील कोण हाय, तू का मी? तू सांग ना काय बोलू." तू म्हणालास, "मी दिलेलं उत्तर तुझ्या तोंडात बसणार नाही. जजला वास येतो." मी म्हटलं, मग एवढं सगळं करून उपयोग काय, तुझा आणि तुझ्या त्या डबड्याचा? त्याने प्रश्न काढला आणि तुला उत्तर नाही. तू नुसता हसलास. मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आलास, जिन्यावर मधे दोनदा टेकलास. मला ते दिसलं होतं. मी काही बोलले नाही, कारण मी रागात होते, आणि रागात नसते तरी काय बोलले असते? तुला दम लागलेला दाखवून दिलेला आवडत नव्हता.

तीच आपली शेवटची भेट. तेव्हा उत्तर राहिलं ते राहिलंच.

तू गेल्यावर पंधरवड्यात तारीख होती. आता केस सनाच्या हातात, तीही वकीलच. सना माझ्याकडे आली, ओढणी नीट करत उंबऱ्यावरच उभी राहिली. "मावशी, तारीख पुढे मागून घेऊ? कोर्ट देईल. अब्बा गेले म्हटल्यावर देईलच."

मी म्हटलं, "आणि पुढच्या तारखेआधी मी झोपले आणि उठले न्हाय तर? तुझ्या अब्बाला विचारून ये, मेलेल्या पक्षकाराची उलटतपासणी होते का."

ती हसली आणि मग तिथेच बसून रडली. मी तिला रडू दिलं. चहा केला. चहा पिऊन आम्ही दोघी तुझ्या ऑफिसात गेलो.

तुझ्या खुर्चीत ती बसली नाही, तुझ्या खुर्चीच्या बाजूला दुसरी ओढून बसली. लॅपटॉप समोरच्या खुर्चीवर, पुस्तकांवर, तू ठेवायचास तसा. मशीनने पुन्हा तेच, माननीय वादी, नारळ. मी पुन्हा तेच, मानाचा. पुन्हा, मान कोणाचा. तीनदा तेच झालं. सनाचे डोळे लाल झाले होते. मला तुझा राग यायला लागला. असा मधेच कसा निघून जातो माणूस, प्रश्न टेबलावर ठेवून?

मग मी उठले. लॅपटॉप उचलला आणि स्टुलावर ठेवला. म्हटलं, "सना, ह्याला सांग, आता तू पारूबाई. वादी. आणि मी बाळाराम." आणि समोरच्या खुर्चीत बसले. ती लगेच डगमगली. बरं वाटलं.

सनाने टाइप केलं. मशीन माझ्या बाजूने बोलायला लागली, आणि हमीद, माझ्या बाजूने ती फार गोड बोलत होती. "भाऊजी, अनेक वर्षांपासून आमचे कुटुंब या वाटेने ये-जा करत आहे. आपण कधीही हरकत घेतली नाहीत." सना ते वाचत होती. मी मान तिरकी केली. दात कोरायला लागले. एवढ्या गोड बोलण्याचा मला खरंच राग आला, बाळारामला आला असता तसाच. आणि मी बोलले, "हरकत कशाला घेऊ? तू माज्या उंबऱ्यावर नारळ ठेवल्याबिगर कधी गाडी घातलीस? आन मी तरी तुज्या उंबऱ्यावर नारळ ठेवल्याबिगर कधी पाणी सोडलं?"

आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं.

सना म्हणाली, "काय म्हणालात?"

बाळारामचं शेत वर आहे, माझं खाली. पावसात त्याच्या शेतातलं पाणी माझ्या शेतातून जातं आणि मग ओढ्याला मिळतं. दुसरीकडून त्याला वाटच नाही. पावसाच्या तोंडाला तो मधला बांध फोडून पाण्याला तोंड करायचा. आणि त्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर नारळ ठेवायचा. त्याचा बाप ठेवायचा, मग तो. माझा नारळ त्याच्याकडे, त्याचा माझ्याकडे, चार दिवस मागेपुढे. आमच्या गावात ज्याची वाट आहे तो ठेवतो, ज्याचं पाणी आहे तोही ठेवतो. यात सांगण्यासारखं काय आहे? मी उठून वकिलाला असं सांगेन का की पाऊस वरून खाली पडतो? मला तू विचारलंस, तू काय दिलंस. मी दिलं ते सांगितलं. कुणी काय आणून ठेवलं ते कुणी विचारलं नाही. तुझ्या बापाचं माझ्या माहेरच्या गावात दुकान होतं, शेत नव्हतं. तुला कसं ठाऊक असणार? मशीनला तर आम्ही सांगू तेवढंच ठाऊक. आणि मला ठाऊक होतं, पण पारूच्या जागेवर बसून ते मला कधीच दिसलं नसतं. बाळारामच्या जागेवर बसले तेव्हा बाळारामने काय दिलं ते आठवलं.

सनाने ते सगळं मशीनला लिहिलं. मशीन म्हणाली की यामुळे अर्थ बदलतो, नारळ हा दोघांनी एकमेकांचा हक्क मान्य केल्याची खूण आहे असा युक्तिवाद करता येईल, पण कोर्ट ते कसे घेईल हे सांगता येत नाही. मी म्हटलं, सांगता येत नाही हे तरी कबूल केलं, बरं केलं. तू असतास तर एवढं नम्रपणे कबूल केलं नसतंस.

कोर्टात गर्दी होती. बाळारामचा वकील, तोच पान खाणारा, त्या दिवशी पान न खाता आला होता. इकडचं तिकडचं विचारून झालं आणि मग तो हळू आवाजात म्हणाला, "आजी, तुम्ही बाळाराम यांना दरवर्षी नारळ देत होता?"

"देत व्हते."

"वाट वापरायच्या आधी?"

"आधी."

"म्हणजे परवानगी मागत होता."

मी म्हटलं, "तर मग भाऊजी पण माज्याकडं मागत व्हते. त्यांचं पाणी माज्या शेतातनं जातं. त्यांचा नारळ माज्या उंबऱ्यावर यायचा."

वकील बाळारामकडे वळला. बाळाराम आपल्या पायांकडे बघत होता. जजबाईंनी लिहायचं थांबवून वर बघितलं आणि मला म्हणाल्या, "सावकाश सांगा, आजी. कुणाचा नारळ कुणाकडे?" मी सावकाश सांगितलं. त्यांनी ते सगळं टाइप करायला सांगितलं, माझ्याच शब्दांत. मग विचारलं, "आणि हे बंद कधी झालं?"

"भिंत झाली तवा. मी नारळ ठेवायची बंद झाले, कारण वाट न्हाय. भाऊजी पण बंद झाले. पाणी मात्र चालू हाय, बाई. आता तर गोदामाच्या पत्र्यावरचं सगळं येतं."

मागे कुणीतरी हसलं. सना हसली नाही, पण मला तिची बोटं दिसत होती, ती टेबलावर तुझ्यासारखीच वाजत होती.

बाहेर व्हरांड्यात बाळाराम माझ्याजवळ आला. "वयनी, पाण्याचं कशाला काढलंस?"

"नारळाचं तुमी काढलंत."

"पाणी आमचं आज्यापासनं तितनंच जातं. त्याला काय कोणाला विचारायचं?"

"मग पिंजऱ्यात हेच सांगा. ही सना विचारील तुमाला, नारळ परवानगीचा व्हता का. व्हता म्हणाल तर पाणी माज्या मेहेरबानीवर. न्हवता म्हणाल तर माजी वाट."

तो मान तिरकी करून म्हणाला, "तुला लय वकिली यायला लागली."

"मी तुमची वकिली रोज करत व्हते, भाऊजी. तुमाला ठाऊक न्हाय."

त्याला काही कळलं नाही. तुला कळलं असतं. तेव्हा तू हवा होतास, दुसऱ्या कशासाठी नाही, एवढ्या एका वाक्यावर हसायला.

आता ते तडजोड करायला बघतायत. गोदामवाला म्हणतो, भिंतीत गेट ठेवू. तडजोडीचं तू आधीपासून म्हणत होतास आणि मी आधीपासून नाही म्हणत होते. हे आपलं दुसरं भांडण, तेही राहिलंच. सनाने मशीनकडून तडजोडीचा मसुदा करून घेतला आणि मला वाचून दाखवायला लागली. गेटमधून वादीस पूर्वसूचना देऊन ये-जा करता येईल, असं त्यात होतं. मी तोंड उघडायच्या आत तिने थांबून त्या ओळीवर काट मारली. म्हणाली, "पूर्वसूचना म्हणजे परत उंबऱ्यावर जाऊन उभं राहायचं." मग मला विचारलं, "आणि किल्ली?" मी म्हटलं, किल्ली त्यांच्याकडे असेल तर गेट नको, मला भिंतच बरी, निदान भिंतीशी भांडता तरी येतं. गेटला कुलूप नाही, असं लिहून देणार असतील तर बसू. ते अजून विचार करतायत. मीही करते. गेट कुलपाशिवाय झालं तर तू म्हणत होतास ते खरं. नाही झालं तर मी म्हणत होते ते खरं. आणि निकाल लागेपर्यंत मी असले तर बरं, नसले तर माझा जबाब आहे. तो टाइप झालाय.

तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. त्या दिवशी घरात माणसं फार असतील, म्हणून मी काल ऑफिसात येऊन गेले. सना कोर्टात गेली होती, किल्ली खालच्या लूमवाल्याकडे होती, त्याने उघडून दिलं. जाताना बाजारातून नारळ घेऊन गेले होते. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि तुझ्या बाजूला, टेबलावर तो ठेवला. तुमच्यात असं करत नाहीत, मला ठाऊक आहे. आमच्यात करतात. ज्याच्या बांधावरून आपण गेलो त्याच्या उंबऱ्यावर ठेवायचा असतो.

थोडा वेळ बसले. लूम चालू होते, टेबल थरथरत होतं, नारळ आपोआप सरकत तुझ्या बाजूच्या कडेला चालला होता. पडला असता. म्हणून मी उठले, टेबलाला वळसा घालून तुझ्या खुर्चीत जाऊन बसले, आणि तिथून हात पुढे करून तो घेतला.